कॅमेऱ्यापुढं ताठ

मी पारूबाई. वाळूजच्या एका कंपनीत गाड्यांचे रबरी पार्ट खोक्यात भरायचं काम करते. तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नको. गेल्या उन्हाळ्यापासून माझी कंबर धरली होती. दुपारच्या चहापर्यंत कशीबशी चालायची, मग असा ठणका लागायचा की डोळ्यात पाणी यायचं. मनाशी ठरवून टाकलं होतं, पारू, तुझं वय झालं, दिवाळी झाली की घरी बसायचं. पण घरी बसायचं म्हणलं की जीव कासावीस व्हायचा. ही लाईन, ह्या बाया, गंगापूरहून येणाऱ्या भागूबाईचं रोजचं पुराण, ह्याच्यावाचून मी दिवसभर करू काय? भिंतीशी बोलू?

अन् कंबर दुखती म्हणून कंपनीत बोलायची सोय नव्हती. आम्ही ठेक्यावरच्या बाया. मागं एकीनं खांदा दुखतो म्हणून सांगितलं, तर ठेकेदारानं तिला आराम करा म्हणून जे घरी बसवलं ते बसवलंच. तवापासून आमच्या लाईनीवर कुणाचं काहीच दुखत नाय.

अशात एक दिवस मंजुषा आली. इंजिनिअरिंग कॉलेजातली. माणसाचं अंग अन् कामाची जागा एकमेकांना जमतात का नाय, ह्याच्यावर तिचं संशोधन. माझ्या लेकीच्या वयाची, बोलायला गोड. दुपारनंतर आमच्या लाईनीवरून माल कमी निघतो, तो का, हे शोधायला कंपनीनंच तिला बोलावलं होतं. काम करताना आमच्या पाठी अन् माना कशा वाकतात ते ती कॅमेऱ्यात घेणार होती. आमचा सुपरवायझर सोमनाथ, त्यानं आदल्या दिवशीच बजावलं, उद्या बाहेरचं माणूस येणार, लाईनीची इज्जत राखा.

झालं. आम्हाला एवढं बास होतं. भागूबाई गजरा माळून आली. बाकीच्यांनी अ‍ॅप्रन धुऊन इस्त्री मारून आणले. कॅमेरा सुरू झाला अन् सगळ्या बाया लग्नातल्या फोटोला उभ्या राहतात तशा ताठ. आमचं टेबल पार खाली, पण वाकायचं नाव नाय. गुडघे मोडायचो, पण पाठ सरळ ठेवायचो. भागूबाई तर दर खोक्याला कॅमेऱ्याकडं बघून हसायची. काम कसलं निघतंय? मागं मालाचा ढीग लागला अन् सोमनाथ घामाघूम झाला. मंजुषानं एकेकीला विचारलं, मावशी, काही दुखतं का? सगळ्यांचं एकच, अजिबात नाय. पाव्हणीपुढं रडगाणं गातं का कुणी? अन् पोटात ठेकेदाराची भीती होतीच.

दोन दिवसांनी पोरगी तोंड पाडून आली. टेबल खाली आहे असा तिला पहिल्यापासून संशय होता, पण नुसत्या संशयावर मोठे साहेब ऐकणार नव्हते. अन् कॅमेऱ्यात बघावं तर बायांच्या पाठी एक नंबर, तक्रार कुणाचीच नाय. संध्याकाळी साहेबांना तेच सांगावं लागणार होतं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता आम्ही. टेबल जागेवर राहणार अन् मी घरी जाणार.

जेवणाच्या सुट्टीत भागूबाईनं तिला ओढूनच नेलं. कँटीनमध्ये खुर्च्या आहेत, पण आम्ही बाया कोपऱ्यात पेपर अंथरून खाली बसतो, सगळ्यांचे डबे मधी. पोरगी भाकरी-ठेचा खायला बसली, तिच्या नाका-डोळ्यातून पाणी अन् आम्ही हसून हसून बेजार. घंटा झाली तशा आम्ही उठाया लागलो. तिथं कॅमेरा नव्हता. एकीनं भिंत धरली, एकीनं गुडघा, भागूबाईनं माझा खांदा, अन् सगळ्याजणी "आई गं" म्हणत उठल्या. मी अर्धीच उठले अन् तशीच अडकले.

मंजुषानं माझ्या पाठीला हात लावला. "मावशी, खरं सांगा. कधीपासून दुखतंय?"

दारात सोमनाथ उभा. व्हय म्हणलं तर ठेकेदार घरी बसवणार, नाय म्हणलं तर ते टेबल. मला लई राग आला, पोरीचा नाय, माझाच. जन्मभर फटकळ म्हणून मिरवले अन् एवढं बोलायला घाबरते?

"लिही," म्हणलं. "पारूबाईची कंबर दुखती म्हणून लिही. पण टेबल बदला म्हणून लिही. पारूबाईला बदला म्हणून नको."

ती म्हणाली, कागदावर नाव कुणाचंच नसतं, तसा नियमच आहे. मी म्हणलं, बरं, मग नाव राहू दे, कंबर तेवढी लिही. बाया खुदकन हसल्या, अन् मग लागली रांग. एकीची मान, एकीचं मनगट. भागूबाईचं तर डोक्यापासून टाचेपर्यंत सगळंच, तिला मधीच थांबवावं लागलं. शेवटी सोमनाथ आत आला. मला वाटलं, संपलं आता. तो खाली बघून म्हणाला, ताई, वाकून वाकून माल तपासताना माझीपण पाठ धरती, तेवढं बघा. मी कशाला सोडते? म्हणलं, सर, मग उद्या तुम्हीपण गजरा माळून या.

मंजुषानं आमचं रोजचं वाकडंतिकडं काम पुन्हा कॅमेऱ्यात घेतलं अन् साहेबांपुढं ठेवलं. साहेब म्हणाले, करून बघू. टेबलाच्या पायांखाली लोखंडी ठोकळे बसवले. भागूबाई बुटकी, तिला उभं राहायला फळी दिली, तर ती स्टेजवर चढल्यासारखी मिरवाया लागली.

त्या दिवशी मी काम करताना ठणक्याची वाट बघत होते. चहा झाला, आला नाय. शिफ्ट सुटायची वेळ झाली. माल रोजच्यापेक्षा जास्त निघालेला, सोमनाथ खुशीत शीळ घालत फिरत होता, अन् मी आपली सरळ उभी. एकदम रडूच फुटलं मला. मंजुषा घाबरून पळत आली, मावशी, काय झालं, कुठं दुखतंय?

"कुठंच नाय दुखत," म्हणलं. "अगं, मला वाटलं मी म्हातारी झाले. टेबलच बुटकं होतं की गं."