निळी चौकट

लवू मयेकर बोटीवरून कायमचा घरी आला आणि सावित्रीच्या घराला दोन कारभारी झाले. इतकी वर्षं भाट्यातलं हे घर तिने एकटीने सांभाळलं होतं. आता नवरा रोज सकाळी हात पाठीमागे बांधून खोल्याखोल्यांतून फिरायचा आणि काहीतरी खोट काढायचा.

एके दिवशी त्याने आतल्या खोलीच्या चौकटीत बोट खुपसलं, तर ते आतच गेलं. वाळवीने लाकूड पोखरून नुसता रंग उभा ठेवला होता.

"सुताराला सांगते," सावित्री म्हणाली.

"सुतार कशाला? मी काय मेलोय? बोटीवर जन्म गेला माझा दुरुस्त्या करण्यात!"

"बोट लोखंडाची होती."

पण लवूने ऐकलं नाही. कुजका भाग कापून तिथे फणसाच्या लाकडाचा तुकडा बसवला, वाळवीचं औषध मारलं, फटी लांबी भरून बुजवल्या, पॉलिश पेपरने घासलं. काम इतकं सुबक झालं, की सांधा कुठे आहे ते सावित्रीला हात फिरवूनही कळेना. मनातून तिला कौतुक वाटलं, तोंडाने ती म्हणाली, "बरं झालंय."

रंग मात्र त्याने नेमका रविवारी सकाळी काढला. दुपारी त्यांच्या लेकीला, योगिनीला बघायला राजापूरची माणसं यायची होती.

"अहो, आज नको ना!"

"पाहुणे येतील तेव्हा चौकट चकचकीत नको?"

निळा ऑइलपेंट चौकटीला लागला, दाराला लागला. दाराची मूठ आणि कडी त्याने रंगासाठी काढून ठेवली होती. मग तो आत खाटेवर जरा टेकला आणि त्याचा डोळा लागला. तेवढ्यात समुद्राकडून वारा आला, दार धाडकन आपटलं आणि ओल्या रंगात घट्ट बसलं.

त्याच वेळी अंगणात रिक्षा थांबली. दुपारचे पाहुणे सकाळच्याच एसटीने आले होते! मुलगा गौरव आणि त्याची आई गंगाबाई.

सावित्रीने पदर सारखा केला, त्यांना बसवलं. "योगिनीचे बाबा ना... ते जरा बाहेर गेलेत."

"सावित्री!" आतून खणखणीत आवाज आला. "अगो, दार उघड! अडकलोय मी!"

सावित्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या योगिनीने आधी ओठ दाबले, मग तिला हसू आवरेचना. "बाबांनी स्वतःलाच आत रंगवून घेतलंय," ती म्हणाली.

गौरव उठला. राजापूरला काजूच्या कारखान्यात तो मशीन सांभाळायचा. "पातळ सुरी आहे का घरात?"

योगिनीने मासळीची सुरी आणून दिली. तो फटीतून ती हळूहळू फिरवू लागला.

"काका, आतून जोर लावू नका हां."

"डावीकडे घे! वर! आता खाली!" लवू आतून हुकूम सोडत होता.

"बाबा, गप्प बसा ना!" योगिनी ओरडली.

शेवटी गौरवने खांदा लावला. दार सुटलं आणि तो थेट लवूच्या अंगावर गेला. नव्या इस्त्रीचा पांढरा शर्ट निळा झाला. हाफपँटवर उभ्या असलेल्या लवूने त्याला सावरलं आणि पाठीवर थाप मारली. तिथेही पंजा उमटला.

मग गंगाबाईच पदर तोंडाला लावून हसू लागल्या आणि घरभर हशा झाला.

मागच्या पडवीत योगिनी टर्पेंटाइनच्या बोळ्याने शर्ट पुसत बसली. डाग जायचा सोडून पसरत होता. सावित्री सोलकढी करता करता कान देऊन होती. दोघं कशाबद्दल बोलत होती ते तिला कळलं नाही, पण बोलणं थांबत नव्हतं एवढं खरं.

जेवणं झाल्यावर योगिनी स्वयंपाकघरात आली. "आई, त्यांना हो सांग."

"अगो, पण नीट विचारपूस तरी..."

"माझी करून झाली."

पाहुणे निघताना लवू उखडलेल्या रंगाकडे बघून हळहळला. "सगळी कड निघाली. परत घासायला हवं."

"मी येतो ना पुढच्या रविवारी," गौरव चटकन म्हणाला. "दोघं मिळून करू, काका."

रिक्षा वळणाआड गेली तसा लवू खूश होऊन म्हणाला, "बघ सावित्री, पोराला रंगकामाची केवढी आवड आहे!"

सावित्रीने लेकीकडे पाहिलं. योगिनी ब्रश धुवायला पळाली.