हात खाली सोडलेला गडी

पैलवानाचा गुडघा समोरच्याच्या जबड्यावर बसला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मी रागीट माणूस. एकतीस वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवली, आणि रिटायर झाल्यावर तो राग रिसालीच्या दोन खोल्यांत मावेना. म्हणून माझ्या मुलाने, अभिनवने, घरीच ठेवून दिलेला मारामारीचा व्हिडिओ गेम मी टीव्हीला जोडला.

अभिनव पुण्याला नोकरी करतो. वर्षातून दोन दिवस येतो आणि मी काही विचारलं की हो किंवा नाही, एवढंच बोलतो. मला वाटलं, हा खेळ शिकलो तर तासभर तरी माझ्या शेजारी बसेल. मला दुसरं काही नको होतं.

एकट्यासाठी त्यात सरावाची सोय आहे. मी टकला पैलवान निवडला. समोर एक पोरगेला गडी हात खाली सोडून उभा राहतो. मारलं की पडतो, उठतो, पुन्हा तसाच उभा. पडद्यावरची त्याच्या जिवाची पट्टी आपोआप भरते, घड्याळ चालत नाही, आणि उलट हात कधीच येत नाही. पाच महिने रोज सकाळी मी त्याला कुटला. कमरेला धरून डोक्यावर आपटायचं, उठता उठता पोटात लाथ, मग गुडघा. अंगठ्याला फोड येईपर्यंत बटणांचा क्रम घोटला. पडद्यावर रक्त उडायचं आणि आतून माझी बायको वसुंधरा म्हणायची की किती मारता त्याला. मित्रांना सांगायची तर सोयच नव्हती, सिविक सेंटरच्या टपरीवर वर्षभर हसले असते.

दिवाळीला अभिनव आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसरा कंट्रोलर त्याच्या हातात दिला. तो माझ्याकडे बघतच राहिला, पण बसला. त्याने नेमका तोच पोरगेला गडी घेतला.

घंटा झाली. मी धावून कमरेला धरलं, आपटलं, लाथ, गुडघा. सगळं बरोबर जमलं. त्याचा अर्धा जीव गेल्यावर माझ्या लक्षात आलं की गडी हात खाली सोडून उभाच आहे. मला वाटलं, पोरगा माझी टिंगल करतोय, आणि डोकं तापलं.

"कावून नाही मारून राहिला बे?"

त्याचे दोन्ही अंगठे बटणांवरून उचललेले होते.

"हात नाही उठत, बाबा. तुमी मारायले लागले की मले फक्त उभं राहता येते."

आम्ही पूर्वी राहायचो ते मरोद्याचं क्वार्टर डोळ्यांसमोर आलं. नववीत गणितात नापास झाला म्हणून मी पट्टा काढला होता. बक्कल त्याच्या भुवईवर बसलं, रक्त डोळ्यात उतरलं, तरी हा हात खाली सोडून उभा. शेजारच्या ओमप्रकाशने मला मागून आवळून धरलं नसतं तर मी थांबलो नसतो. भुवईवरची ती खूण आता माझ्यापासून हातभर अंतरावर होती. पाच महिने मी कोणाला कुटत होतो ते कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी अंगठे उचलले.

"आता माहा पैलवान उभा हाय. मार."

पडद्यावरचं घड्याळ चालत राहिलं. बऱ्याच वेळाने एक हलकी लाथ आली. मग दुसरी. मग त्याने पैलवानाला भिंतीला लावलं आणि बरगड्यांत, तोंडावर, नाकावर हाणलं, खाली पडला तरी हाणलं. माझा हात बचावाचं बटण शोधू लागला. ते कुठलं, हे मला माहीतच नव्हतं. सरावात मला कोणी मारलंच नव्हतं. मी हात मांडीखाली दाबून धरला. पैलवान रक्तात पडला. अभिनवला धाप लागली होती.

"आणखी?" त्याने पडद्याकडे बघतच विचारलं.

"आणखी," मी म्हणालो.

जेवणापर्यंत त्याने मला अकरा वेळा मारलं. तासाच्या वर तो माझ्या शेजारी बसला होता.