अडलेल्या कामाचं टेबल

चित्रकारणीने त्या कारखान्यातला कोपरा भाड्याने घेतला तो केवळ तिथे उजेड चांगला येत होता म्हणून. माणसांची तिला गरज नव्हती. गरज नाही असं ज्यांना वाटतं त्यांनाच ती जास्त असते, पण हे तिला कोण सांगणार?

त्या लांबट खोलीत आणखी तिघं काम करत. खुर्च्यांना वेत विणणारी मावशी, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पत्रिका छापणारे आप्पा आणि एक धिप्पाड सुतार. तीनदा मोजल्याशिवाय सुतार फळीला करवत लावत नसत, म्हणून सगळे त्यांना तीनमापे म्हणत. तेही त्या नावाला खुशाल ओ देत.

खोलीचा एक रिवाज होता. ज्याचं काम अडलं असेल त्याने ते चार वाजता मधल्या टेबलावर ठेवायचं, कुठे अडलं ते सांगायचं आणि बाजूला व्हायचं. सल्ल्याला बंदी. "तोंड नाही, हात चालवायचे," मावशी म्हणायची. सुचलं तर हाताने काही करावं, नाहीतर गप्प बसावं. आता सांगा, फुकटचा सल्ला न देणारी तीन माणसं एका छपराखाली तुम्ही कधी पाहिलीत?

चित्रकारणीचं तर चांगलंच अडलं होतं. मुलांच्या पुस्तकातलं एक अस्वल दाराशी बसून पाहुण्याची वाट बघतं, एवढीच ती गोष्ट. संपादकबाईंनी चित्र परत पाठवलं होतं. "अस्वल सुरेख आहे, पण ते वाट बघत नाही. नुसतं बसलंय." सोमवारपर्यंत जमलं नाही तर पुस्तक दुसऱ्याकडे जाणार होतं, आणि तिचं हे पहिलंच पुस्तक.

पण बारा वर्षं जाहिरातींची गुळगुळीत चित्रं काढलेल्या बाईला चारचौघांत "अडलं" म्हणणं कसं झेपावं? गुरुवारी तिने अस्वल खणातच ठेवलं आणि टेबलावर फुलांचं एक जुनं चित्र नेऊन ठेवलं. रंग जमत नाहीत, म्हणाली. मावशीने ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे अडलेलं नाही गं. हे सोडून दिलेलं आहे," म्हणत तिने ते जपून परत दिलं. चित्रकारणीचे कान तापले.

शुक्रवारी तीनमाप्यांनी टेबलावर एक स्टूल ठेवलं.

"डुगडुगत होतं म्हणून एक पाय कापला. तीनदा मोजून कापला. आता कळतंय, पाय बरोबरच होता. माझ्या बाकापुढची फरशी खचलीय."

आप्पा पोट धरून हसले, तीनमापेही हसले. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस, पण ना लाज, ना सारवासारव. चित्रकारणीला मात्र हसू आलं नाही. आधी तिला त्या माणसाचा हेवा वाटला, मग त्याच्याबद्दल आदर दाटून आला. इतकं मोकळं राहता येतं? ती उठली, खणातून अस्वल काढलं आणि स्टुलाशेजारी ठेवलं.

"अडलं," ती म्हणाली. आवाज जरा चिरकलाच. "हे वाट बघत नाही."

तिघांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. मावशीने आप्पांना डोळ्यांनी काहीतरी खुणावलं, तसे आप्पा किटली घेऊन उठले.

"चहा आणतो," म्हणाले आणि बाहेर पडले.

मावशीने स्टूल उतरवून दारासमोर ठेवलं. "बसा इथे, चहा येईपर्यंत." चहाचं नाव निघालं की तीनमाप्यांचं कशातच लक्ष लागत नसे. ते बसले. आखूड पायामुळे स्टूल कलत होतं, म्हणून एवढा थोरला माणूस अंग चोरून, एक टाच घट्ट रोवून बसला. बाहेर पाऊल वाजलं की मान वर व्हायची. कोणी नाही म्हटल्यावर गुडघ्यांवरचे हात थोडे खाली घसरायचे.

चित्रकारणीने पेन्सिल उचलली.

तासाभराने तिने ती खाली ठेवली, आणि आप्पा किटली घेऊन आत आले.

बुधवारी संपादकबाईंचं उत्तर आलं. चार वाजता तिने ते वाचून दाखवलं. "आता वाट बघतंय. बघवत नाही इतकी." मावशीने तिच्या पाठीवर थाप मारली. तीनमाप्यांनी चित्राची प्रत हातात घेतली, टेप काढली आणि चित्रातल्या स्टुलाचे पाय मोजले. तीनदा.

"डावा आखूड आहे."

"आहेच तो," चित्रकारीण म्हणाली.

"बरं. ते सगळं ठीक, पण त्या दिवशीचा चहा गार का होता?"

आप्पा एकदम खिळे निवडण्यात गुंतले. शेवटी मावशीनेच सांगितलं.

"पाच मिनिटांत आले होते आप्पा. किटली घेऊन तासभर खिडकीबाहेर उभे. हिची पेन्सिल थांबायची वाट बघत."

चित्रकारणीने आप्पांकडे पाहिलं. ते मान वर करेनात. पुस्तकाचं शेवटचं चित्र, पाहुणा येतो ते, अजून व्हायचं होतं. तिने नवा कागद पुढे ओढला आणि सगळ्यात आधी पाहुण्याच्या हातातली किटली रेखाटली.