आयत्या वेळचा नवरा

बाबांनी मायक्रोफोनवर नखाने टकटक केली आणि काचेपलीकडे बसलेल्या लेकीकडे बघून डोळे मिचकावले. लेकीने मान खाली घातली. नववीतली ही मुलगी शाळेच्या रेडिओची बटणं सांभाळायची.

घरातल्या मारहाणीवरची श्रुतिका थोड्याच वेळात सगळ्या वर्गांत लागणार होती. नवऱ्याचं काम करणाऱ्या शिपायाचा घसा बसला, म्हणून बाईंनी आयत्या वेळी तिच्या वडिलांना बोलावलं. धंद्याने शिंपी, पण गावातल्या प्रत्येक समारंभात निवेदन त्यांचंच. बाहेर असे गोडबोले की ऐकणाऱ्याने जीव ओवाळून टाकावा! घरात मात्र त्यांचा हात बोलायचा.

हे बाईंना ठाऊक होतं. मुलीनेच रडत रडत सांगितलं होतं. "माझ्यापाशीच राहील हो," असा शब्द देऊन बाईंनी त्यातूनच श्रुतिका लिहिली होती.

"बाई, बाबांना कशाला बोलावलंत?" तिने हळूच विचारलं.

"अगं, चांगले शब्द तोंडातून गेले की मनातही उतरतात. बघच तू."

बाईंना स्वतःच्या युक्तीचं भारीच कौतुक वाटत होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मुलीला बाईंचा राग आला, आणि आपण तोंड उघडलं याचा त्याहून जास्त.

तालीम सुरू झाली. बायकोचं काम करणारी गावच्या दवाखान्यातली नर्स वाचू लागली.

"मारा, पण आवाज नको. पोरगी अभ्यास करतेय."

बाबा थांबले. कागदावरची नजर सावकाश वर आली आणि काचेवर ठरली. ओठांवरचं हसू तसंच होतं. आज घरी गेल्यावर काय होणार, ते तिला तिथेच कळलं. आईला तर कशाची कल्पनाच नव्हती.

"बाई, हे वाक्य काढू या का?" ते लाघवीपणे म्हणाले. "खोटं वाटतं. असं कुणी बोलत नाही हो."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि वाक्यावर रेघ मारली.

"चल गं, वेळ झाली. कर सुरू."

तिने वर्गांतल्या स्पीकरचं बटण वर केलं. लाल दिवा लागला. बाबांनी घसा साफ केला, तेवढ्यात तिने आपला मायक्रोफोन पुढे ओढला.

"माझे बाबा आईला मारतात," ती म्हणाली. "तेव्हा आई म्हणते, आवाज नको."

शेजारच्या वर्गातला गलका थांबला.