पंपामागचा नट

भगवंतरावांची मोटार एवढीशी, पण नखरे सतरा. सगळ्या बीबी गावात तीच एक, म्हणून मालकाचा तोरा मोठा; आणि मेहकरशिवाय कुठं मिस्त्री नाही, म्हणून दुरुस्तीही मालकाच्याच हातची. त्या दुपारी मात्र तोरा पार उतरला होता. आत बाजेवर सहा वर्षांची मंजुळा तापानं फणफणली होती, कुणाला ओळखत नव्हती. गावच्या कंपाउंडरनं हात टेकले होते. आजच्या आज मेहकरच्या दवाखान्यात न्या, म्हणाला. एसटी सकाळीच निघून गेलेली, आणि अंगणात ही भवानी बॉनेट वासून उभी.

मोटारीचं दुखणं कळलं होतं. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाच्या नळीचा नट ढिला झाला होता. तिथून पेट्रोल ठिपकायचं आणि वर पोचायचं नाही. आवळायला दोन फेरे पुरे. पण तो नट इंजिन आणि पत्र्याच्या मधल्या सापटीत, अगदी खाली. भगवंतरावांचा पंजा वरच अडकला. खालून शिरून पाहिलं, तर आडवी दांडी. हाताची सालटं निघाली, नट जागचा हलला नाही.

"रुक्मिणी असती तं..." ते बोलून गेले.

दारात ओलं फडकं घेऊन उभ्या सरस्वतीनं ते ऐकलं. रुक्मिणीबाई म्हणजे पहिली, मंजुळाची आई, दोन पावसाळ्यांमागं वारलेली. हात काडीसारखे बारीक. त्या सापटीत तीच हात घालायची. सरस्वती दुसरेपणावर आली तेव्हापासून तिच्या गळ्यात सवतीच्या नावाचा, तिची मूर्त कोरलेला चांदीचा टाक होता. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास टाकाला, मग आपल्याला. सवतीचा मान द्यायचा चुकला की ती घरात येऊन उभी राहते, हे आईनं बजावून पाठवलेलं. सरस्वतीनं सगळं सांभाळलं, पण दसऱ्याला चुकली. मोटारीची पूजा झाली आणि हुरळून ती पुढच्या सीटवर नवऱ्याशेजारी जाऊन बसली. टाकाला कुंकू लावायचं राहूनच गेलं. त्या दिवसापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

"सरका. मले पाहू द्या," ती म्हणाली.

"तुहा हात जाईन काय तिथं?"

"कासारीन बांगड्या भरते तसा. अंगठा पोटात घेतला का जाते."

बांगड्या काढायचा प्रश्नच नव्हता. धनी समोर उभा असताना कोणती सवाष्ण हात रिकामे करील? तिनं त्या वर सारल्या आणि चिंधीनं घट्ट बांधल्या. हाताला करडईचं तेल चोपडलं, बोटांत पाना धरला, अंगठा मुडपला आणि हात आत सोडला.

इंजिन केव्हाचंच निवलं होतं, तरी आतला गारठा विहिरीतल्यासारखा होता. पाना नटाला लागला. तिनं जोर लावला, आणि आतून बांगड्या किणकिणल्या.

सरस्वतीनं आपल्या दंडाकडं पाहिलं. चिंधी घट्ट होती. पुन्हा किणकिण झाली आणि पान्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बोटं घातली. बारीक, गार, हाडकुळी बोटं. ती तिच्या बोटांवर मिटली आणि सुटेनात.

"काय झालं वं?" भगवंतरावांनी विचारलं.

"काही नाही. पोरीपाशी जा तुम्ही."

ते आत गेले. रुक्मिणी पोरीला न्यायलाच आली, सरस्वतीला वाटलं. आणि मग तिला असा राग आला, की भीती मागंच पडली. पोरीच्या कांजण्या कुणी काढल्या? केसांतल्या जटा कुणी सोडवल्या? एवढं करून 'मावशी'च ऐकतो आपण, आणि ही वरून येऊन घेऊन जाणार?

ती बॉनेटखाली वाकली. "बाई, दसऱ्याचा मान चुकला, माफ कर. पुढची जागा तुही. तिची आई बी तूच, मी मावशीच राहीन जन्मभर. पन पोरगी जगू दे. तुह्यापाशी आली तं तिची राख होईन. आता फिरव पाना, नाही तं सोड मले."

बोटं तशीच राहिली. मग पाना फिरला. सरस्वतीनं जोर लावलाच नव्हता. पुन्हा फिरला, नट करकचून बसला आणि तिचा हात मोकळा झाला.

मोटार पहिल्या हँडलला सुरू झाली. सरस्वतीनं पुढचं दार उघडलं, जरा थांबली, आणि लावून घेतलं. मग पोरीला मांडीवर घेऊन मागं बसली. भगवंतरावांनी शेजारच्या रिकाम्या सीटकडं एकदा पाहिलं. मेहकर येईपर्यंत त्यांनी तिकडं पुन्हा मान वळवली नाही.

दवाखान्यात सुया झाल्या आणि पहाटे ताप उतरला. मंजुळानं डोळे उघडले, सरस्वतीचा पदर मुठीत धरला आणि म्हणाली, "आई, पानी."

या एका शब्दासाठी सरस्वतीनं काय काय नवस बोलले होते! तिनं पोरीला पाणी पाजलं, तोंड पुसलं.

"आई नाही बेटा, मावशी," ती म्हणाली. "तुही आई रुक्मिणी. म्हन बरं."

भगवंतराव चमकून बघत राहिले. मंजुळानं ते नाव हळूच म्हटलं आणि डोळे मिटले. सरस्वती तोंडात पदर कोंबून रडली.