गुळाची सोयरीक

धनसिंग नायकाच्या बंजारा तांड्यावर नशाबंदी कमिटी स्थापन झाली ती एका बैलगाडीमुळे. मोहनसिंग नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा कारंज्याच्या बाजारात कापूस टाकून परत येत होता. पिऊन गाडीवर झोपला, झोपेत खाली घसरला आणि चाक छातीवरून गेलं. बैल शुद्धीवर होते. ते गाडी घेऊन बरोबर तांड्यावर आले.

चौकशीला आलेल्या तहसीलदारसाहेबांनी नायकाला बजावलं, की तरुण पिढी बिघडत चालली आहे, तर कमिटी नेमा आणि उपाय ठरवा. साहेबांच्या त्याच मुक्कामात अनसिंग गावातल्या सरकारमान्य दारू दुकानाचा पुढल्या सालचा लिलावही उरकला. एका फेरीत दोन कामं झाली. हे साल एकोणीसशे पस्तीस.

कमिटीला चिटणीस हवा होता. लिहिता येणारा आणि न पिणारा, असा दोन कोसांत एकच माणूस निघाला, तो म्हणजे अनसिंगचे कापडवाले गुलाम नबी. त्यांना बोलावणं गेलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "मी मुसलमान, तुमच्या जातीच्या भानगडीत मी काहून?" नायक म्हणाला, "सेठ, आमच्यातला लिवनारा पेते आन न पेनाऱ्याले लिवता येत नाही. तुमी या."

सभा लिंबाखाली दुपारी बसली. ठराव करणाऱ्यांत सगळ्यात तरुण माणूस बावन्न वर्षांचा होता. पहिला ठराव झाला, की पंचवीस वर्षांच्या आतल्या कोणत्याही इसमानं दारूला शिवू नये आणि त्याला कोणी पाजू नये. दुसरा, की पंचवीसच्या आतल्यांनी दिवेलागणीनंतर अनसिंगला जाऊ नये. तिसरा, की पंचवीसच्या आतल्यांसाठी तालीम काढावी. चौथा, की पंचवीसच्या आतला पिलेला सापडला तर त्याला याच लिंबाला बांधावं. एकेक ठराव झाला की म्हातारे माना डोलवत. सव्विसाव्या वर्षापासून पुढच्या माणसाला दारू बाधत नाही, यावर एकमत होतं.

बायका मागे उभ्या होत्या. त्यांच्यात गोमतीबाई होती. तिचा नवरा दारूनं जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि तिचा एकुलता पोरगा हेमला विसाव्या वर्षीच बापाच्या वाटेनं बरंच अंतर चालून आला होता. ती तिथूनच म्हणाली,

"नायक, पोट्टे दुकानात थोडीच शिकतात?"

"मंग कुठी शिकतात, गोमती?"

"सोयरिकीत. तुमीच शिकवता. माह्या हेमल्यानं चवदाव्या वर्साले पहिल्यांदा तोंड लावलं, ते तुमच्याच हातच्या वाटीले."

ते खरं होतं. तांड्याची रीत अशी, की सोयरीक ठरली की नायकासमोर पितळेच्या वाटीतून मोहाची दारू फिरायची. पहिला घोट मुलीच्या बापाचा, दुसरा मुलाच्या बापाचा, मग पंचांचा, मग पाहुण्यांचा. तळाचा घोट नवऱ्या मुलाला, आणि त्याच्या बाजूला जी पोरं टोळकं करून उभी असत त्यांनाही बोटभर. त्या बोटभराला कोणी दारू म्हणत नसे. तो मान होता.

"मंग काय करावं म्हन्तेस?" नायकानं विचारलं.

"सोयरीक गुळावर करा. गूळ खा, उठा, घरी जा."

दुपारपासून बसून सगळ्यांच्या पाठी धरल्या होत्या. घसे कोरडे पडले होते आणि सभा संपल्याशिवाय त्यावर इलाज नव्हता. शिवाय कोणाच्याच घरी त्या महिन्यात सोयरीक नव्हती. नायकानं हात झटकला. "लिवा सेठ. पाचवा ठराव. सोयरीक गुळावर." अकरा पंचांनी अकरा अंगठे उठवले. इतका मोठा सुधारणेचा ठराव इतक्या थकव्यानं क्वचितच मंजूर झाला असेल.

गोमतीबाईनं हे सगळं फुकट मांडलं नव्हतं. हेमल्याचं मन शेजारच्या तांड्यावरच्या रामधनच्या रुपीवर होतं. गोमतीबाईनं त्याला अट घातली होती, की तू थेंबाला शिवला नाहीस तर मी रामधनच्या दारात जाईन, नाहीतर नाही. हेमला तीन महिने शिवला नाही. पहिला महिना त्यानं खाटेवर कुढत काढला, दुसरा महिना सगळ्यांशी भांडत काढला, आणि तिसऱ्या महिन्यात तो जेवायला लागला. मग गोमतीबाई रामधनकडे गेली.

ती सोयरीक गुळावर झालेली पहिली. पंच आले, पाहुणे आले, परातीत गुळाचे खडे फिरले. प्रत्येकानं एक खडा तोंडात टाकला आणि पुढे काय, अशा नजरेनं शेजाऱ्याकडे पाहिलं. पुढे काही नव्हतं. गाणं कोणी धरलं नाही, जुनं भांडण कोणी उकरलं नाही, कोणी कोणाच्या गळ्यात पडून रडलं नाही. अर्ध्या घटकेत सगळे उठले. एक म्हातारा वाटेत म्हणाला, "मयतीलेही याच्यापेक्षा जास्त वेळ बसतात रे." गुलाम नबींनी कागदावर सोयरीक झाल्याचं लिहिलं, खाली दोन्हीकडचे अंगठे घेतले आणि तारीख घातली. हेमला कापसाच्या खेपा घेऊन कारंज्याला जात राहिला आणि परत येताना गाडीवर जागा राहू लागला. असे आठ महिने गेले.

आठव्या महिन्यात रिसोडकडच्या तांड्यावरून गोविंदसिंगाचं मागणं रामधनच्या दारात आलं. गोविंदसिंगाकडे चार बैल होते, विहीर होती आणि पोरगा दिसायला बरा होता. रामधन दोन दिवस विचारात पडला आणि तिसऱ्या दिवशी त्याला एक गोष्ट सुचली. त्यानं गोमतीबाईकडे निरोप धाडला, की हेमल्याची सोयरीक मोडायचा प्रश्नच नाही, कारण ती झालीच नाही. आणि न्यायासाठी त्यानं धनसिंगाच्या तांड्यावरच नसाब बोलावली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत.

नसाब बसायला तीन आठवडे लागले. पूर्वी फिर्यादी पंचांना वाटी पाजत असे आणि खटला दिवसात निघत असे. कमिटीपासून फिर्यादीही कोरड्या झाल्या होत्या, आणि तेव्हापासून कोणाची कंबर धरली होती, कोणाची म्हैस व्यायली होती. शेवटी लिंबाखाली अकरा पंच जमले. गुलाम नबी दप्तर घेऊन आले.

नायकानं सुरुवात केली. "रामधन, बोल. काय म्हननं हाय तुयं?"

"माह्यं काय म्हननं असनार? सोयरीक झाली कवा?"

"फागुनात झाली. तू होता ना तिथी."

"मी होतो. गूळ खाल्ला. गूळ तं मी बाजाराच्या दिवशीबी खातो, मंग रोज सोयरीक होते काय माही?"

पंचांत हसू फुटलं. रामधन सोकावला. "इचारा ना साऱ्यायले. हे इतके बसले. कोनी सोयरीक पाह्यली?"

नायकानं एकेकाला विचारलं. पहिला म्हणाला, गूळ पाह्यला. दुसरा म्हणाला, गूळ बरा होता. तिसऱ्याला आठवत नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की पिऊन झालेल्या सोयरिकी त्याला चाळीस वर्षांच्या आठवतात, आणि ही शुद्धीतली म्हणून विसरली.

गुलाम नबींनी घसा खाकरून कागद उलगडला. "ये लिवलेलं हाय. ठराव पाचवा. अकरा अंगठे. आन ही सोयरिकीची नोंद. अंगठा तुमचाबी हाय, रामधनभाऊ."

"अंगठा कागदावर हाय, सेठ. कागद फाटते. घोट गळ्यात जाते. गळ्यातून उतरलं ते कोनाच्या बापाले मांघं घेता येत नाही. म्हनून आपल्या बापजाद्यायनं वाटी ठेवली, वही नाही ठेवली."

हे बोलणं पंचांना फार आवडलं. आठ महिन्यांत त्यांना काही आवडल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

हेमला मागे लिंबाच्या बुंध्याशी बसला होता. त्यानं मान वर केली नव्हती. गोमतीबाईचं लक्ष पंचांकडे नव्हतं, त्याच्या हातांकडे होतं. हात एकमेकांत गुंतवून तो बोटं मोडत होता. हा पोरगा रुपीच्या नावानं अकरा महिने कोरडा राहिला आहे. सोयरीक गेली तर संध्याकाळी तो कुठे जाईल, हे तिला विचारायची गरज नव्हती. वाट तिच्या घरावरूनच जात होती.

"नायक," ती म्हणाली, "ठराव तुमचा. तुमी सांगतलं म्हनून गूळ वाटला. आता गूळ खोटा म्हन्ता?"

"गूळ खोटा नाही, गोमती."

"मंग सोयरीक खरी."

"सोयरीकबी... थांब जरा."

धनसिंग नायकाला नायकी करायला लागून तीस वर्षं झाली होती, आणि तीस वर्षांत त्यानं एक हुनर कमावला होता. दोन्ही बाजू खऱ्या ठरवून घरी जेवायला जाण्याचा. तो डोळे मिटून बसला. बऱ्याच वेळानं उघडले.

"ठराव खरा. रीतबी खरी. सोयरीक झाली, पन पुरी नाही झाली. गूळ झाला, घोट राह्यला. आता सारे बसलेच हावोत तं राह्यलेला घोट घेऊन टाकू. या एका बारीपुरता. ठराव फुडच्यायले लागू."

"ठराव फागुनाच्या आंधीच लागू झाल्ता," गुलाम नबी म्हणाले.

"सेठ, तुमी लिवा."

रामधनचा चेहरा उतरला. घोटाची महती त्यानंच गायली होती, आता घोट समोर आला तर नाही म्हणायची सोय नव्हती. नसाबात पुढे केलेली वाटी नाकारणारा माणूस पुन्हा कोणत्या तांड्यावर बसू शकत नसे.

"पन बाटली कुठी हाय?" त्यानं क्षीण आवाजात विचारलं. "अनसिंगले जाऊन याले सांज होईन."

"माह्या घरी हाय थोडी," नायक म्हणाला. "बैलाले लागते. पोटात धरलं की."

त्या तांड्यावरचे बैल वर्षभर पोटदुखीनं हैराण असावेत, कारण नायकाच्या बायकोनं एकामागून एक तीन बाटल्या आणून ठेवल्या. पंच सरसावून बसले. कोणाची कंबर दुखेना.

गोमतीबाई उभी राहिली ती तशीच राहिली. सोयरीक मोडली तरी बाटली, टिकली तरी बाटली. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला रागसुद्धा आला नाही. 

"ओत गोमती," नायक म्हणाला. "मुलाकडच्यायनं ओतायची रीत हाय."

तिनं ओतलं. पहिला घोट रामधननं घेतला, कडू औषध घ्यावं तसा. दुसरा मुलाच्या बापाचा. बाप नव्हता, म्हणून नायकानं ती जबाबदारी स्वतःवर घेतली आणि जरा जास्तच मनापासून पार पाडली. मग वाटी अकरा पंचांतून फिरली, भरली, पुन्हा फिरली. कोणीतरी गाणं धरलं. दोन पंच गळ्यात गळा घालून कुठल्याशा जुन्या बैलाची आठवण काढून रडू लागले. आता सोयरीक सोयरिकीसारखी दिसू लागली.

"हेमल्या, ये बे इकडे," नायकानं हाक मारली. "तळाचा घोट तुया. झालं की रुपी तुयी."

हेमला उठला. पुढे आला. वाटीचा वास त्याला पाच हातांवरूनच लागला असावा, कारण तो मध्येच थांबला आणि त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. गोमतीबाईनं ते पाहिलं.

"याडी," तो आईला हळूच म्हणाला, "एक घोटच हाय."

"हाव. एकच असते."

तिनं वाटी त्याच्या हातात दिली नाही. ती गुलाम नबींकडे वळली. "सेठ, तुमचा तो पहिला ठराव वाचा बरं."

गुलाम नबींनी वाचला. पंचवीस वर्षांच्या आतल्या कोणत्याही इसमानं दारूला शिवू नये आणि त्याला कोणी पाजू नये.

"नायकानं पाचवा ठराव बाजूले ठेवला. पहिलाबी ठेवला काय?"

नायक गोंधळला. पहिला ठराव मोडायचं कोणाच्या मनात नव्हतं. त्याचा त्यांना कधी त्रासच झाला नव्हता. "पहिला हाय ना," तो म्हणाला.

"हेमला एकवीसचा हाय. मी पंचेचाळीसची हावो. घोट घरचा. आमच्या घरी आमी दोघंच."

"अवं, बाई मानूस नसाबात..." एक पंच म्हणाला.

"बाईनं पेऊ नये असा ठराव हाय काय, सेठ?"

गुलाम नबींनी कागद उलटून पाहिला. पाठीमागे कोरा होता. "नाही," ते म्हणाले.

गोमतीबाईनं जन्मात दारू तोंडाला लावली नव्हती. तिनं ओढणी जरा पुढे घेतली, पाठ फिरवली आणि वाटी एका दमात रिकामी केली. मग वाटी पालथी करून सगळ्यांना दाखवली, जशी पुरुष दाखवत.

"झाली?" तिनं विचारलं.

"झाली," नायक म्हणाला. रामधननं मान हलवली. उतरलेलं मागे घेता येत नाही, हे आता त्याच्यावरही बंधनकारक होतं. गुलाम नबींनी काय लिहावं याचा विचार केला, आणि 'सोयरीक पुरी' एवढंच लिहून दौतीला झाकण लावलं.

मायलेक घराकडे निघाले. मागे गाणं चालूच होतं. अर्ध्या वाटेवर, तुरीच्या शेताच्या कडेला गोमतीबाई खाली बसली आणि तिला भडभडून ओकारी झाली. हेमल्यानं तिची ओढणी मागे धरली. शेजारच्या झोपडीतून पाण्याचा गडू मागून आणला.

"लय कडू हाय रे," ती म्हणाली.

"पहिल्यानं कडूच लागते, याडी."

"मंग?"

"मंग लागत नाही."

गोमतीबाईनं वर पाहिलं. पोरगा हे अगदी साधेपणानं बोलला होता, नांगर कसा धरायचा ते सांगावं तसं.  मग तिनं हात पुढे केला.

"पानी ओत," ती म्हणाली. "हळू. सांडू नको."