वाटणीतून सुटलेला बोर्ड

दोघा भावांनी घराची वाटणी केली तेव्हा नळ मोजले, खिडक्या मोजल्या, अंगणातली कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा मधोमध कापून दोघांनी आपापलं टोक नेलं. त्या तुकड्यांवर पुढे धड एक चादरही वाळली नाही, पण हक्क म्हणजे हक्क. गवंड्याने मधल्या भिंतीतलं दार बुजवलं, भिंत अंगणाच्या टोकापर्यंत ओढली, गिलावा केला आणि तो निघून गेला. त्याच संध्याकाळी धाकट्याकडचे दिवे गेले. तेव्हा दोघांच्या लक्षात आलं की फ्यूज बोर्ड वाटायचा राहिलाय. तो मधल्या भिंतीवर होता, पण थोरल्याच्या बाजूने, कपाटाशेजारच्या कोपऱ्यात. आणि वीज काही गवंड्याला विचारून धावत नाही.

ते तसंच राहिलं, अकरा वर्षं. थोरले शिंपी. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा. धाकटा लांब पल्ल्याची बस चालवायचा. आता दोघंही घरी बसलेले. भांडण आईवरून झालं होतं. आई गेली तेव्हा धाकटा बस घेऊन दोन दिवसांच्या वाटेवर होता. गाडी हातात असताना त्याला कशाला कळवायचं, असं मास्तरांनी परस्पर ठरवून टाकलं, आणि तो परतला तेव्हा सगळं आटोपलं होतं. "मला विचारलं का नाहीस?" एवढंच त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी." या एका वाक्याने जगात जितकी घरं फुटली असतील तितकी हाडवैरानेही फुटली नसतील.

बोलणं बंद झालं. फक्त फ्यूज गेला की धाकटा रस्त्यावरून वळसा घालून यायचा, दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "फ्यूज गेला." मास्तर स्टूल ओढायचे. त्या कोपऱ्यात भर दुपारीही काळोख, म्हणून धाकटा टॉर्च धरायचा. चिनीमातीचा फ्यूज ओढून काढायचा, जळकी तार खरवडायची, नवी बांधायची, फ्यूज परत दाबायचा. दहा मिनिटांचं काम. मास्तर त्याला वीस लावायचे.

तीन वर्षांपूर्वी मास्तरांची बायको गेली. मुलगी दूर. ती फोन करायची, "बाबा, जेवलात ना?" विचारायची आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत तिकडे दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागायची. तिचीही चूक नव्हती, तिच्यामागे तिचा व्याप होता. पण घरात दिवसचे दिवस माणसाचा आवाज नसायचा. मास्तर कधीकधी मुद्दाम खाकरून बघायचे, आपला तरी आहे का म्हणून.

तेव्हापासून ते धाकट्याच्या फ्यूजला पातळ तार बांधू लागले. चुकून नव्हे. ज्याला दोन बोटांत धरून चाळीस नंबरचा दोरा कुठला आणि साठचा कुठला हे कळतं, त्याच्या हातून असली चूक होत नाही. पातळ तार तग धरत नाही. धाकट्याने पाण्याचा हीटर आणि इस्त्री एकदम लावली की ती गेलीच. महिन्याकाठी येणारा भाऊ आठवड्याला येऊ लागला. चोरी होती खरी. पण चोरत काय होते, तर सख्ख्या भावाची वीस मिनिटं.

मग एका सकाळी बोर्डापाशी जळका वास आला आणि मास्तरांनी वायरमनला बोलावलं. वायरमन कामाला चोख आणि तोंडाने फटकळ होता. त्याने मेन स्विच बंद केला, बोर्ड भिंतीपासून सुटा केला आणि कपाळाला हात लावला. मागचं लाकूड तळहाताएवढं काळं पडलं होतं. वायरचं कव्हर त्याने नखाने दाबलं तर बिस्किटासारखा चुरा झाला.

"मास्तर, एवढं काढतं-घालतं कोण हे? खाचा बघा, पार ढिल्या झाल्यात. ढिलं झालं की तापतं, तापलं की जळतं. आणि ही तार तर दिव्यांच्या लाइनची. हीटरसकट अख्ख्या घराच्या लाइनला कुठल्या शहाण्याने बांधली?"

"मीच तो शहाणा," मास्तर म्हणाले.

"बदला हे सगळं. लोखंडी पेटी बसवू, आत खटके. लोड झाला तर खटका आपोआप पडतो, बोटाने वर केला की झालं. लहान पोरगंसुद्धा करेल. आणि तिकडची लाइन मीटरपासून वेगळी काढतो, त्यांची पेटी त्यांच्या घरात. उगाच कुणी कुणाच्या दारात यायला नको." ही त्याने आपली खुशखबर म्हणून सांगितली.

"नाही बदललं तर?"

"पाच वर्षं चालेल, नाहीतर पाच दिवस. भिंतीतला जोडही तापत असणार, तो दिसत नाही. जोखीम तुमची आणि भिंतीपलीकडच्याची. शुक्रवारी येऊ?"

"सांगतो," मास्तर म्हणाले. वायरमनने तात्पुरतं सगळं होतं तसं जोडलं आणि मान हलवत तो गेला.

दोन दिवस मास्तर उठून उठून बोर्डापाशी जात आणि वास घेऊन परत येत. पेटी बसली की धाकटा पुन्हा या दारात यायचा नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं. दोघांपैकी एकाला खांद्यावरून न्यायच्या दिवशी फार तर भेट व्हायची. पाच वर्षं तर पाच वर्षं, ते स्वतःला समजावत, आपण तरी कुठे अमरपट्टा बांधून आलोय. आणि लगेच त्यांना वायरच्या कव्हरचा तो चुरा आठवायचा.

गुरुवारी दुपारी धाकटा दारात उभा राहिला. "फ्यूज गेला."

मास्तरांनी स्टूल ओढलं. टॉर्च लागला. फ्यूज हातात घेतला तर तो चटका बसेल इतका गरम.

"तुझ्याकडे जळका वास येतो का रे?" मास्तरांनी विचारलं. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

धाकट्याने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. "वास नाही. उशाकडची भिंत गरम लागते हल्ली. बरं वाटतं. पाठ धरलेली असते, टेकून बसतो मी."

मास्तरांचे हात थांबले. अठ्ठावीस वर्षं गाडी हाकून मोडलेली ती पाठ. तिला शेक म्हणून जे मिळत होतं ते यांच्या पातळ तारेचं पाप होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

त्यांनी फ्यूज खिशात टाकला आणि ते स्टुलावरून उतरले. "हा मी आता घालत नाही. खाट त्या भिंतीपासून आजच्या आज लांब घे. सगळा बोर्ड बदलायला हवा. तुझी पेटी तुझ्या घरात बसेल." त्यांनी स्टूल भिंतीकडे सरकवलं. "बदलू का? तेव्हा नाही विचारलं. आता विचारतोय."

टॉर्चचा उजेड बोर्डावरून मास्तरांच्या तोंडावर आला आणि खाली जमिनीवर गेला.

"विचारतोयस," धाकटा म्हणाला. तो प्रश्न होता की नव्हता, कळलं नाही. "कर मग."

"उद्यापर्यंत तिकडे अंधार राहील. इथे झोप."

"मेणबत्ती आहे," धाकटा म्हणाला आणि गेला. त्याच्या चपलांचा आवाज रस्त्यावरून वळसा घालून भिंतीपलीकडे पोचेपर्यंत मास्तर ऐकत राहिले.

शुक्रवारी दोन्ही पेट्या बसल्या. पांढऱ्या, गुळगुळीत, खटक्यांची एकेक रांग. वायरमन खूश होता. जुना बोर्ड भंगारात नेऊ का, असं त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, "ने."

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. काही म्हणता काही बिघडलं नाही. एरवी नवी वस्तू आणली की महिन्यात कुरकुरते, पण ही मेली इतकी गुणाची निघाली. मास्तर सकाळी दार उघडं टाकून बसायचे आणि दुपारी लावून घ्यायचे.

तिसऱ्या आठवड्यात एकदा भिंतीपलीकडे पंख्याची घरघर थांबली. मास्तर उठून उभे राहिले. पावलं वाजली. टक्, असा एक आवाज झाला. घरघर पुन्हा सुरू झाली. पुरं अर्धं मिनिटही लागलं नाही. ज्याला दोन माणसं आणि वीस मिनिटं लागायची ते धाकट्याने एका बोटाने उरकलं. मास्तर कपाटाला धरून रडले. बघायला कुणी नव्हतं, तेव्हा चांगले पोटभर रडले.

मग त्यांनी तोंड धुतलं. जायचं तर निमित्त हवं, म्हणून घरभर नजर फिरवली. इस्त्री मागावी? स्वतःच्याच दोन होत्या. कात्री परत द्यावी? त्याची कात्री आपल्याकडे कधीच नव्हती. शेवटी ते हात हलवत निघाले. आपल्या फाटकातून बाहेर, भिंतीच्या कडेने, त्या फाटकातून आत. ही वाट गेली अकरा वर्षं धाकटाच चालत आला होता. ती इतकी जवळची असेल असं मास्तरांना वाटलं नव्हतं.

धाकट्याने दार अर्धवट उघडलं. त्याच्यामागे खोलीच्या मधोमध ओढलेली खाट दिसत होती आणि तिच्याजवळ एकच खुर्ची. "काय झालं?"

"काही नाही."

"खटका पडला का?"

"नाही. पेटी उत्तम आहे." मास्तरांनी चौकटीला हात लावला. "तुझ्या फ्यूजला पातळ तार मी बांधायचो. मुद्दाम. तू यावंस म्हणून. भिंत त्यानेच तापली. जळून मेला असतास माझ्यापायी." त्यांना दम लागला. "आणि आता मला करमत नाही रे."

धाकटा मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिला, मग रस्त्याकडे, मग त्यांच्या पायांकडे. मास्तरांनी चपला पायरीवर काढून ठेवल्या होत्या, आत बोलावलं नसतानाच. ते ओशाळले आणि पुन्हा पाय सरकवायला लागले.

"चपला आत घे," धाकटा म्हणाला आणि दारातून बाजूला झाला. "बाहेर कुत्रं नेतं."